झग्याचे चार कोपरे

२० फेब्रुवारी १९७८

चिरंजीव धाकटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. 'प्रभूच्या नावात सलाम' लिहायला हात गेला होता, तो मागे घेतला. तुला आता तो मायना चालतो की नाही, कुणाला ठाऊक! उगाच पहिल्याच ओळीवरून रुसायचीस आणि पुढचं न वाचताच कागद बाजूला ठेवायचीस. तुझं नाक किती मोठं आहे ते मला माहीत आहे.

तुम्ही दोघं खुशाल असाल. इकडे सगळं ठीक. बाबा ठीक आहेत. दुकान चालू आहे, म्हणजे चालवते मी, ते आपणहून कुठे चालतंय! समोरचा चष्मेवाला दुकान विकून गेला आणि नेमकं त्यानंतर मला दिसेनासं झालं. सकाळी चांगला उजेड असतो तेव्हाच पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते, दिवसभर पुरवते. तुझं मशीन तसंच आहे. त्यावर मी कापडाचे गठ्ठे रचते. रिकामं मशीन समोर बघत शिवायला मला आवडत नाही.

आता कामाचं बोलते. आपल्या चर्चचे जुने पाळक निवृत्त झाले. नवे आलेत ते तरुण आहेत, खूप शिकलेले आहेत आणि बोलायला लागले की थांबत नाहीत. गेल्या आठवड्यात दुकानात आले. गुड फ्रायडेच्या नाटकाचा येशूचा झगा दरवर्षी आपणच शिवतो ना, म्हणून. मी म्हटलं, माप तेच, बेकरीवालाच येशू होतोय, फक्त पोटावर दोन बोटं सोडावी लागतील. तर म्हणाले, "या वर्षी झग्याच्या चारी कोपऱ्यांना गोंडे हवेत. यहुदी पुरुष लावत तसे. येशू यहुदी होता हे मंडळीला एकदा दिसू दे. मूळ झाकून झाड दाखवण्यात काय अर्थ?"

माझ्या हातातला टेप खालीच पडला. धाकटे, आठवलं ना तुला? आठवणारच. तू विसरली असतीस तर मला इतकी वर्षं एकटीने दुपारचा चहा प्यावा लागला नसता.

तू हेच केलं होतंस. झग्याला चार गोंडे बांधलेस आणि बाबांना म्हणालीस, "त्याची आई यहुदी होती, बाबा. तिनेही त्याला असेच बांधून दिले असतील." तुझे यजमान तेव्हा यजमान नव्हते, बाबांच्या भाषेत 'तो घड्याळजी' होते. त्याच्या आदल्या रविवारी आपल्या टेबलाशी बसून ते किती शांतपणे म्हणाले होते, "तुमच्या येशूला मी वाईट म्हणत नाही. आमच्यातलाच एक गुरू. आमच्यात जन्मला, आमचेच सण त्याने पाळले. देव मात्र नव्हे." आणि बाबा, जन्मभर रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलेले बाबा, टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "देवाच्या पुत्राला कुळ लावता? तो सगळ्यांचा आहे!" मग घड्याळजी म्हणाले, "सगळ्यांचा म्हणता म्हणता आमचा तेवढा राहू दिला नाहीत." बशीतली बिस्किटं कुणीच खाल्ली नाहीत, मी दुसऱ्या दिवशी पाखरांना घातली.

आणि मग ते गोंडे. बाबांनी मोठी कात्री घेतली आणि चारही कोपरे कचाकचा साफ केले. तू बॅग भरलीस. घड्याळजी खाली रस्त्यावर उभे होते, ऊन डोक्यावर होतं, बाबांनी त्यांना वर बोलावलं नाही. तू जिना उतरलीस ती उतरलीसच. वाढदिवसाची कार्डं तेवढी धाडतेस, त्यावर छापलेलंच जास्त असतं.

तर माझं म्हणणं इतकंच की, तुझ्या यजमानांना विचारून त्या गाठी कशा बांधायच्या ते कळव. एक दोरा लांब ठेवून बाकीच्यांभोवती गुंडाळतात आणि मधे मधे दुहेरी गाठ मारतात, एवढं मी तेव्हा बघितलं होतं. चुकीचं बांधलं तर चारचौघांत माझीच शोभा होईल. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या त्या पेटीवाल्या बाई आत्ताच म्हणतात, "आज गोंडे, उद्या टोपी, परवा आपल्यालाच म्हणतील तुम्ही कोण?"

बाकी सगळं ठीक. बाबा ठीक आहेत.

वाट बघणारी, म्हणजे गाठींची,
तुझी ताई


८ मार्च १९७८

चिरंजीव धाकटीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी खऱ्या शाईतलं पत्र, आणि त्यात काय, तर नकार!

'हे म्हणतात, त्या गाठी नाटकातल्या कपड्याला बांधत नाहीत. त्या देवाच्या आज्ञा आठवायला असतात, दाखवायला नाही. आणि ताई, रागावू नकोस, पण त्यांच्या आजोबांच्या घरी गुड फ्रायडेला दारं-खिडक्या लावून, मुलांना आत घेऊन बसायचे. तुमचं नाटक सुटलं की लोक रस्त्याने यायचे आणि मग कुणाच्या दुकानाच्या काचा फुटतील ते सांगता यायचं नाही. त्या नाटकासाठी आपल्या हाताने गाठ बांधणं त्यांना जमणार नाही.'

रागावू नकोस म्हणालीस, म्हणजे मी रागावलेच. भांडी आपटली. म्हटलं, आपल्या माणसांनी कुणाच्या काचा फोडल्या? आपला बेकरीवाला, येशू होऊन क्रूसावर चढतो तेव्हा उंचीला घाबरून डोळे मिटतो, त्याला प्रेक्षक समजतात भक्ती! तो काचा फोडणार?

पण राग ओसरल्यावर दुसरंच आठवलं. लहानपणी आपण दोघी त्या नाटकातल्या गर्दीत असायचो. डोक्याला फडकी बांधून, यहुदी म्हणून. 'क्रूसावर द्या, क्रूसावर द्या' असं घसा फुटेस्तोवर ओरडायचो आणि मग विंगेत लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या. ओरडणारे तेवढे यहुदी आणि मधे उभा राहिलेला तो मात्र आपला. हे इतकी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेच तुझ्या यजमानांच्या आजोबांनी आतून, बंद दारामागून ऐकलेलं.

मी ते नव्या पाळकांना जाऊन सांगितलं. मला वाटलं व्याख्यान देतील. नाही दिलं. बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत बसले. म्हणाले, "मी गोंड्यांचा विचार केला, माणसांचा नाही केला." त्यांनी गोंडे रद्द केले आणि गर्दीचं ते ओरडणंही काढून टाकलं. आता गर्दीचं काम करणारे फुगून बसलेत, आमचं एकुलतं एक वाक्य होतं म्हणून.

पण मी शहाणी! तुझं पत्र यायच्या आधीच स्वतःच्या अकलेने गोंडे करून बसले होते. चर्चच्या पडद्यांना असतात तसे, जाड, झुपकेदार, वर गळपट्टी घातलेले. झगा बाबांच्या खाटेवर पसरून कोपऱ्याला टाचत होते.

खाटेवर. हो. मागच्या पत्रात बाबा ठीक आहेत असं दोनदा लिहिलं. तसे ते ठीक नाहीत. शाळांच्या गणवेशांची गर्दी होती तेव्हा एके सकाळी काज करता करता त्यांचा डावा हात खाली गेला, पाठोपाठ पाय. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आता वरच्या खोलीत पडून असतात. बोलतात, पण थोडं आणि हळू. मी खाली मशीन चालवते आणि मधेमधे थांबवून वरचा कानोसा घेते. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं आणि तू आली नसतीस, तर मी काय केलं असतं? न कळवता तू आली नाहीस, हे सोसायला सोपं होतं.

तर बाबांनी उजव्या हाताने तो गोंडा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हे पडद्याचे. तिने बांधले होते ते असे नव्हते."

मी म्हटलं, "तुम्हाला काय आठवतंय? तुम्ही तर बघायच्या आत कापलेत."

"बघितले होते," म्हणाले. "तू चहा करायला गेली होतीस. मी झगा खिडकीपाशी नेऊन नीट बघितला. बरोबर बांधले होते तिने. म्हणूनच कापले."

मग त्यांनी थांबत थांबत जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण त्यातला एकही शब्द माझा नाही.

"जन्मभर त्याच्याशी बोललो. सकाळ-संध्याकाळ. तुझी आई गेली तेव्हा दुसरं कोण होतं बोलायला? वाटायचं, तो आपल्या घरातला. आणि ते गोंडे लावलेला झगा धरला तर तो एकदम परक्या घरचा दिसायला लागला. त्या घड्याळजीच्या घरचा. त्याची भाषा वेगळी, जेवण वेगळं, आईबाप वेगळे. मला वाटलं, हा रस्त्यात समोरून आला तर मला ओळखणारसुद्धा नाही. माझ्याजवळ दुसरं कुणी नव्हतं गं. मी घाबरलो."

धाकटे, एवढा मोठा आवाज असलेला माणूस, सगळ्या वस्तीला दरडावणारा, आणि तो घाबरला होता!

आता माझंही ऐकून घे. बाबा म्हणतात तो देवाचा पुत्र. घड्याळजी म्हणतात तो त्यांचा गुरू. पाळक म्हणतात दोन्ही खरं, पण ते सांगायला त्यांना तासभर लागतो. मी शिंपीण, मला मापं कळतात. त्याला कुठली तरी आई होती आणि ती त्याचे कपडे शिवत होती, एवढं मला पटतं. त्याचा अंगरखा बिनशिवणीचा होता म्हणतात, म्हणजे शिंप्याच्या पोटावर पायच, पण तरी. तो कुणाचा यावरून तुम्ही भांडलात. तू तत्त्वासाठी गेलीस, बाबा तत्त्वासाठी बसून राहिले. आणि मी कुणाची, हे कुणी विचारलं? रात्रीच्या जेवणाला मी रेडिओ लावते. त्यातला बातम्या देणारा माणूस घरातला वाटायला लागलाय. हसू नकोस.

म्हणून सांगते, ये. विनंती वगैरे मला जमत नाही. गुड फ्रायडेला संध्याकाळी ये. त्या वेळी सगळी वस्ती नाटकाला असेल, रस्ता मोकळा असेल, कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको. मी बाबांना सांगून ठेवते. आमच्या घराचं दार त्या दिवशी उघडं असेल, हे तुझ्या यजमानांना मुद्दाम सांग.

गोंडे उसवले. चारी कोपरे मोकळेच शिवलेत.

तुझी एकटी
ताई


२५ मार्च १९७८, शनिवार

धाकटे,

हे पत्र टपालात टाकत नाहीये. तुझ्या मशीनवर ठेवते. वरचे गठ्ठे काढून ते पुसलंय, तेल घातलंय, चाक फिरवून बघितलं, मस्त फिरतंय. कात्रीखाली ठेवते म्हणजे वाऱ्याने उडायचं नाही.

आधी कालचं सांगते.

बाबांना दुपारीच उशांना टेकवून बसवलं. दाढी केली. म्हणाले, निळा सदरा दे. तो आता त्यांना ढगळ होतो, पाठीला दोन टाचण्या मारल्या. दार सताड उघडून ठेवलं. रस्त्यावरून लोक नटूनथटून नाटकाला गेले, पेटीवाल्या बाईंनी खालून हाक मारली, मी म्हटलं, जा तुम्ही, मला पाहुणे आहेत. किती वर्षांनी बोलले हे वाक्य! आरामात, चवीने बोलले.

मग रस्ता ओस पडला. तुम्ही दिसेनात. जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठायची, ते बुटांच्या दुकानाचं मांजर असायचं. ऊन भिंतीवरून वर चढत गेलं. मला आधी काळजी वाटली, मग राग आला, मग रडू यायला लागलं. बाबांसमोर रडायचं नाही म्हणून बाजूला जाऊन उगाच इस्त्री करत बसले. विझलेली इस्त्री फिरवत होते, बाबांच्या लक्षात आलं असणार.

दिवा लावायची वेळ झाली. मी दिव्याचं बटण दाबलं, आणि बाबा एकदम हसले. गेल्या कित्येक महिन्यांत हसले नव्हते. म्हणाले, "मूर्ख आहोत आपण दोघं. आज शुक्रवार."

मी म्हटलं, "शुक्रवार म्हणून तर बोलावलं!"

"अगं, दिवस मावळला, शब्बाथ लागला, त्यांचा विसाव्याचा दिवस, प्रवास बंद. ती आता दिवे लावून घरात बसली असेल. कशी निघेल?" मग डोळे मिटून म्हणाले, "जन्मभर मुलांना शिकवलं. त्याला क्रूसावरून घाईघाईने का उतरवलं? कारण शब्बाथ लागत होता, त्याच्या माणसांना दिवस मावळायच्या आत आवरायचं होतं. पाठ करून घेतलं मुलांकडून. आणि तो शब्बाथ अजून कुणाच्या तरी घरात दर शुक्रवारी लागतो, माझ्या मुलीच्या घरात लागतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

जेवताना मात्र चांगले जेवले. रेडिओ लावू दिला नाही. मला म्हणाले, तू बोल. काय बोलायचं ते सुचेना, मी आपली गणवेशांच्या खिशांबद्दल बोलत बसले. ते ऐकत होते.

काल सुट्टी होती, त्यामुळे तुझं पत्र पोस्टमनने आज सकाळी आणून दिलं. 'ताई, शुक्रवारी संध्याकाळी कशी येऊ? तुला कोण शिकवणार! शनिवारी शब्बाथ सरला की रात्रीच्या गाडीने निघतो, रविवारी पहाटे पोचतो. हेही येताहेत.' मी जिना धडाधडा चढले, त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं.

मग म्हणाले, "बरोबर. त्याच्या कबरीकडे बायका तशाच आल्या होत्या. शब्बाथ पाळला, आणि रविवारी अगदी पहाटे निघाल्या." पत्र आपल्या हातात घेतलं आणि म्हणाले, "त्या घड्याळजींना सांग, जिना अरुंद आहे, डोकं सांभाळून वर यावं." घड्याळजीं*ना*, धाकटे. 'त्या घड्याळजीला' नाही. आणि मग म्हणाले, "चहा कर. तुझाही कर, इथेच बस पिऊन."

मी दोन कप केले. घेऊन आले. तुझं पत्र त्यांच्या छातीवर होतं आणि हात त्यावर होता. मी हाक मारली. मग कप खाली ठेवले.

लिहायचं टाळत होते ते लिहून झालं.

वेदना झाल्या नसाव्यात, डॉक्टर तसं म्हणाले. शवपेटी आपल्या जिन्यातून वळत नाही. बेकरीवाला आला, नाटकातल्या दाढीचा डिंक त्याच्या गालांवर अजून होता. त्याने बाबांना लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि एकेक पायरी बघत खाली नेलं. त्यांना चर्चच्या मागच्या खोलीत ठेवलंय. उद्याच्या उपासनेनंतर माती द्यायची. आज रात्र मी तिथे त्यांच्याजवळ बसणार आहे, एकटं ठेवायचं नाही. पाळक म्हणाले, तुझे यजमान आपल्या रीतीने प्रार्थना म्हणणार असतील तर खुशाल म्हणू देत, मंडळीला मी सांगतो. थोडक्यात म्हणाले, तेव्हाच मला कळलं की मनापासून म्हणाले.

दाराला कडी लावलेली नाही. शेजारचे म्हणाले, चोर येतील. म्हटलं, येऊ देत, गणवेश घालून जातील.

तर पहाटे तू येशील. दार ढकल, उघडंच आहे. वर आलीस की खाट रिकामी दिसेल, चादर मी घडी करून ठेवली आहे. घाबरू नकोस. बाबा इथे नाहीत. तोंड धू, पाणी पी, मग चर्चकडे ये. यायला जड जात असेल तर इथेच बस, उजाडलं की मी येते. आल्यावर मला काही समजावू नकोस, तो कुणाचा आणि आपण कुणाच्या, हे मला आता ऐकायचं नाही. नुसती शेजारी बस.

आणि घड्याळजींना या वेळी खाली रस्त्यावर उभं करू नकोस. त्यांना बाबांनी वर बोलावलंय.

तुझी
ताई